भोगीची भाकर

कार्तिक शुद्ध १३, शके १८६८, लातूर

आज नवी वही शिवली. सौदामिनीला पाचवा लागला.

माझे वडील दत्तोपंत वैद्य, निलंग्याचे. रोगी दारात आला की आधी त्याची वही घालायचे. काय खाल्लं, किती झोपला, कुठं दुखलं, सगळं रोजच्या रोज. "नाडी फसवील, रोगी खोटं बोलेल, पण वही विसरायची नाही," म्हणायचे. चौदाव्या वर्षी पांढरं कपाळ घेऊन मी माहेरी परत आले तेव्हा त्यांनी माझ्या हातात खलबत्ता दिला आणि एक वही दिली. रडत बसायला फुरसतच ठेवली नाही. आता ते नाहीत. धाकटा भाऊ अनंता इथल्या कोर्टात वकील आहे, त्याचं घर मी चालवते. सौदामिनी त्याची बायको. मला सगळे आक्का म्हणतात, अनंताची अशिलंसुद्धा.

ही तिची तिसरी खेप. पहिला मुलगा सातव्यात झाला, एक दिवस जगला. दुसरी मुलगीही सातव्यातच. ती रडलीसुद्धा नाही. दोन्ही वेळच्या वह्या ट्रंकेत तळाशी बांधून ठेवल्यात. उघडायची छाती होत नाही.

यंदा सातवा पार करायचाच. देवाला सांगायचं ते सांगून झालं, आता माझं काम. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, तसं पथ्य लावलंय. बाजरी, तीळ, शेंगदाणे, गूळ, अंबाडी, मेथी, सगळं उष्ण, म्हणून बंद. ज्वारीची भाकर जड, तीही बंद. अनंताच्या एका अशिलानं नांदेडहून बारीक तांदूळ धाडलाय, गिरणीवर दोनदा घासलेला, पांढराशुभ्र. त्याचा मऊ भात, तूप, दूध, साबुदाणा, साखर. सरकार लेव्ही म्हणून धान्य उचलून नेतंय, या दिवसांत लोकांना कण्या मिळेनात आणि माझ्या भावजयीच्या ताटात हे. नणंदेनं हात आखडता घेतला असं कुणी म्हणायला नको.

कार्तिक वद्य ५

पहाटे सौदामिनी ओरडून उठली. डाव्या पोटरीत गोळा आला. हात लावला तर पोटरी दगड झालेली. खोबरेल चोळलं, शेक दिला, तेव्हा कुठं सैल पडली. या पाच दिवसांतली ही चौथी खेप. पापणीही फडफडते म्हणते.

दुपारी ताटावर बसली आणि म्हणाली, "आक्का, भाकर द्या ना थोडी. भातानं तोंड मिळमिळीत झालंय. अंबाडीची भाजी आणि भाकर, एवढंच डोळ्यांसमोर येतं बघा."

मी म्हणाले, "जिभेचे चोचले बाळ मांडीवर आल्यावर पुरव."

तिनं पुन्हा मागितलं नाही. पोर गुणाची, उलटून बोलायची नाही कधी. अनंता म्हणाला, "आक्का, अर्धी दिली तर काय बिघडतं?" त्याला म्हटलं, तू तुझी कलमं बघ, पथ्य मी बघते. लहानपणी मीच त्याला भरवलंय, माझ्यापुढं त्याची वकिली चालत नाही.

मार्गशीर्ष शुद्ध ८

आठ दिवस झाले, गोळा एकदाही आला नाही! पापणी फडफडायची तीही थांबली. गालावर रंग चढलाय. शेवटी पथ्याला गुण आलाच. बाबा असते तर पाठ थोपटली असती.

भात मात्र कमी जातो तिला. निम्मा ताटात राहतो. पोट वर येतंय, जागा कमी पडत असेल.

दुपारी मागच्या अंगणात धोंडाबाईपाशी बसते. धोंडाबाई आमची भांडी घासते. तिला सहा लेकरं, सहाही जिवंत. एक तर म्हणे काढणीच्या दिवसांत बांधावरच झालं, आणि चौथ्या दिवशी ही पुन्हा रानात. तिच्याशी बोलून पोरीला धीर येत असेल, म्हणून मी हटकत नाही. फक्त शिवाशिव सांभाळ म्हटलं.

मार्गशीर्ष पौर्णिमा

आज खग्रास ग्रहण. वेध लागल्यापासून तिला चाकू, कात्री, सुई, कशाला हात लावू दिला नाही. सरळ निजवून ठेवली आणि उशाशी मी जप करत बसले. मोक्ष झाल्यावर दोघींनी स्नान केलं. आतलं बाळ पाय झाडतंय, म्हणून तिनं माझा हात धरून पोटावर ठेवला. काय लाथ मारली लबाडानं! मी हात काढून घेतला. मला आशा लागायची भीती वाटते.

पौष शुद्ध १०

सगळं ठीक. गोळे नाहीत. झोप चांगली. भात अजून निम्माच.

तिच्या नखांत हिरवं काहीतरी दिसलं. विचारलं तर म्हणाली, तुळशीचा पाला खुडला.

धोंडाबाईचं न्याहारीचं फडकं हल्ली फुगलेलं असतं. मी चेष्टेनं म्हणाले, "काय गं, तूही पोटुशी आहेस की काय?" तोंडाला पदर लावून हसली. "न्हाई वो आक्का. हिवाळ्याची भूक लई लागायली." पन्नाशीला आलेल्या बाईला ही भूक! असो, खाऊ दे. राबते बिचारी.

पौष वद्य ६, भोगी

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही, पण वही घातलीय तर लिहिलंच पाहिजे.

भोगीचा स्वयंपाक केला. तीळ लावून बाजरीच्या भाकरी, आणि वांगी, गाजर, वाल, ओला हरभरा, शेंगदाणे एकत्र शिजवून लेकुरवाळी भाजी. 'न खाई भोगी तो सदा रोगी' असं आपण सगळ्यांना ऐकवतो. अनंताला वाढलं. सौदामिनीसाठी भात वेगळा टाकला होता. लेकुरवाळी भाजी जिला पहिल्यांदा वाढायची तिच्याच ताटात ती नाही, हे माझ्याही मनाला लागलं. पण सातवा लागलाय. आता ढिलाई केली तर इतक्या दिवसांचं सगळं मातीत जायचं.

अनंता कोर्टात गेल्यावर मी गोवऱ्या आणायला मागच्या दारी गेले. धोंडाबाई राखेच्या ढिगापाशी उकिडवी बसलेली. समोरच्या पायरीवर सौदामिनी. मांडीवर धोंडाबाईचं फडकं, त्यात बाजरीची अर्धी भाकर आणि वर तिच्या घरची भोगीची भाजी. सौदामिनी खात होती. अशी खात होती की मी येऊन उभी राहिले तरी तिला कळलं नाही. माझ्या हातचं तिनं असं कधी खाल्लं नाही.

"किती दिवस चाललंय हे?"

सौदामिनीचा घास हातात राहिला. धोंडाबाई उठली. "आक्का, दोन म्हयनं झालं, म्याच द्यायलेय. पोटुशी बाई भाकर मागती आन् न्हाई म्हनायचं व्हय? आमच्यात पाप लागतं."

"आणि तुझ्या चुलीवरचं आमच्या सुनेला चारलंस, त्याचं काय लागतं?"

मी बरंच बोलले. तिची चूल काढली, जात काढली. सौदामिनी मध्ये म्हणाली, "आक्का, तिला नका बोलू, मी मागितलं." मी तिला घरात जायला सांगितलं. धोंडाबाईला म्हणाले, उद्यापासून पायरी चढू नकोस.

तिनं उरलेली भांडी घासली, विसळली, पालथी घातली. फडकं झटकलं. जाताना म्हणाली, "राग माझ्यावर काढा आक्का. पोरीची भाकर नका तोडू."

शिवाशिवीवरून बोलले ते जरा जास्तच झालं, हे आता लिहिताना कळतंय. पण दोन महिने उष्ण पदार्थ पोटात गेले! तरी बाळ टिकलंय, ही देवाचीच कृपा म्हणायची. आजपासून ती जेवेपर्यंत मी तिच्या ताटासमोरून उठणार नाही.

पौष वद्य १२

गोळे परत आले. उजव्या पोटरीत, मग डाव्या. काल तर हाताची बोटंही वळली. वाटी हातातून सुटली. झोप नाही, डोळे खोल गेलेत.

मी तिला म्हणाले, "बघितलंस? खाल्लेलं बाधलं."

ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. हल्ली ती अशी बघते आणि मला चुलीकडे वळावं लागतं. भात आणखी मऊ करते आहे, दूध वाढवलंय.

भांड्यांना दुसरी बाई मिळत नाही. मीच घासते.

माघ शुद्ध ४

पायांना सूज. बोटातली अंगठी निघेना, साबण लावून काढली. डोकं दुखतं म्हणते. दोन वेळा पोट आवळल्यासारखं झालं आणि सुटलं.

अनंता आज नांदेडला गेला. मुखेडच्या एका पक्षकाराची तारीख आहे, पाच-सहा दिवस तरी लागतील. जाताना दाराशी घुटमळला. "आक्का, तुझ्या भरवशावर जातो." मी म्हणाले, जा खुशाल. तो गेला आणि माझा जीव टांगणीला लागला.

माघ शुद्ध ८

काल रथसप्तमी. काल सकाळपासून आज दुपारपर्यंत मी जनाना दवाखान्यात होते. आता घरी अंघोळीपुरती आलेय. क्रमानं लिहिते.

सकाळी सूर्याला दूध उतू घालवून आत आले तर सौदामिनी खांबाला धरून उभी. "आक्का, कळा." सातवा अजून सरला नव्हता. हे दोनदा पाहिलेलं, तोच खांब, तेच धरणं.

शेजारचा गफूर टांगेवाला, त्याला हाक मारली. बिचारा खाऊन उठला होता, तसाच आला. टांग्यात गोधडी घातली आणि घोडा चालत चालत नेला. "आक्का, फिकर नको, अंड्याची टोपली नेल्यावानी नेतो," म्हणाला. गंजगोलाईजवळ बाजाराची गर्दी, बैलगाड्या आडव्या. त्यानं खाली उतरून लगाम हातात घेतला आणि लोकांना हाका मारत वाट काढली.

दवाखान्यात लेडी डॉक्टर आहेत, कमरुन्निसा. हैदराबादेत शिकल्यात. वय माझ्यापेक्षा कमी, पण बोलणं कसं ठाम. तपासलं. हाताला पट्टा बांधून रक्ताचा दाब पाहिला, लघवी तापवून पाहिली. मला बाजूला घेतलं.

"आक्का, दाब वाढलाय. झटके यायची भीती आहे. झटके आले तर आई पण जाईल, बच्चा पण जाईल. मी सुई देते. घरच्यांची इजाजत पाहिजे, रजिस्टरवर सही करा."

"कसली सुई?"

त्यांनी बाटली दाखवली. मी वैद्याची मुलगी, विचारल्याशिवाय राहीन कशी? शेजारी सुका खडाही होता बरणीत. मी एक कण जिभेवर ठेवला. कडू, थंड. लगेच ओळखलं. बाबांच्या कपाटात निळ्या बरणीत असायचं हेच. विलायती मीठ, जुलाबाचं!

"हे तर रेचक आहे," मी म्हणाले. "गर्भिणीला रेचक दिलं की पोट सुटतं आणि त्याबरोबर गर्भही सुटतो. निलंग्यात एकीनं चोरून घेतलं होतं, तिचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मी सही करणार नाही."

त्या रागावल्या नाहीत. "देखो आक्का, तोंडानं घेतलं तर आतडी धुऊन काढतं. सुईनं दिलं तर नसा शांत करतं. दवा एक, रास्ता अलग."

मी मान हलवली. एका औषधाचे दोन स्वभाव कसे असतील? बाबांनी मला असं काही शिकवलं नव्हतं. मी म्हणाले, अनंताला तार करते, तो येऊ दे. त्या म्हणाल्या, तोवर ही थांबणार नाही. मी बाकावर जाऊन बसले. जप सुरू केला, पण माळेत लक्ष लागेना. आतून सौदामिनीचं कण्हणं येत होतं. गफूर फाटकाशी उभा. त्यानं दोनदा आत डोकावून पाहिलं.

ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत मी तशीच बसून होते. किती वेळ वाया घालवला मी! कळा जवळ जवळ येत चालल्या. तिच्या डोळ्यांपुढं अंधारी येऊ लागली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ती तुम्हाला बोलावते.

सौदामिनीचा चेहरा सुजलेला, ओठ कोरडे. मला वाटलं, रडेल. तिनं माझं मनगट धरलं.

"आक्का, मी दिवाळीनंतर भाकर खायला लागले आणि गोळे थांबले. तुम्ही बंद केलीत, सहा दिवसांत परत आले. तुमच्या वहीत असेल बघा."

तिनं मनगट आणखी घट्ट धरलं.

"तुम्ही माझं वाईट चिंतलं नाहीत. मला ठाऊक आहे. पण तुमच्या पथ्यात माझी दोन गेली. या तिसऱ्याचं मला ठरवू द्या."

आठ वर्षांत ती मला उलटून बोलली नव्हती. आणि बोलली तीही अशी, हळू, माझं मनगट न सोडता. मी बाहेर आले आणि सही केली.

सुई कमरेत, दोन्हीकडे. तिला अंगभर गरम वाटलं, तोंड लाल झालं. मी तिच्या पोटावर हात ठेवून बसले आणि जुलाब कधी होतो त्याची वाट पाहत राहिले. झाला नाही. दर काही तासांनी आणखी सुई. डॉक्टरीणबाई दर वेळी आधी गुडघ्यावर टिचकी मारून पाय उडतो का बघायच्या, औषध जास्त झालं नाही ना म्हणून. पहाटेपर्यंत पोट दगड होणं कमी झालं. आज दुपारी पोट अगदी मऊ. बाळ हललं.

माघ शुद्ध १०

कळा थांबल्या. झटके आले नाहीत. दाब उतरतोय.

डॉक्टरीणबाईंना म्हणाले, तुमच्या मिठानं कळा थांबवल्या. त्या म्हणाल्या, "मी झटक्यांसाठी दिलं होतं. कळा का थांबल्या, खुदा जाने. माझ्या पुस्तकात हे नाही."

मग त्यांनी तिच्या खाण्याचं विचारलं. मी अभिमानानं पथ्य सांगितलं. अगदी तांदळाच्या घासणीपर्यंत. त्या ऐकत होत्या, मध्येच डोळे मिटून घेतले. म्हणाल्या, या मिठातला जो अंश आहे तो थोडा थोडा भाकरीत असतो, तिळात, शेंगदाण्यात, हिरव्या भाजीत. गिरणीच्या पांढऱ्या तांदळातून तो निघून जातो. जनावरांच्या डॉक्टरांनी गाईंमध्ये पाहिलंय, तो कमी पडला की गाय थरथरते, पाय ताठतात. "बायकांवर अजून कुणी लिहिलं नाही आक्का. तर मी खात्रीनं काय सांगू? पण भाकर द्या. तीळ द्या. भाजी द्या."

मी हो म्हणाले. गाईचं ऐकून मात्र मला रागही आला. देवणीच्या गाईला लोक बाजरी आणि पेंड चारतात, आणि मी माझ्या माणसाला भात चारला, असं त्यांना म्हणायचं होतं का? त्या तसं बोलल्या नाहीत.

माघ वद्य ३

घरी आणलं. अनंता आलाय, बायकोजवळून हलत नाही. मी बाजरीची भाकर केली, तीळ लावले, अंबाडीची भाजी घोटली. सौदामिनीनं दीड भाकर खाल्ली. मी समोर बसले होते. पोटात गेलेला प्रत्येक घास मला टोचत होता, अजूनही मन मानत नाही. पण हात आवरला.

ती जेवून म्हणाली, "धोंडाबाईची पातळ असते."

फाल्गुन शुद्ध ५

गोळे नाहीत. आठवा चालू. मी दिवस मोजत नाही असं दाखवते.

फाल्गुन वद्य ५

मुलगी! नववा लागून आठवडा झाला होता. दवाखान्यातच, सकाळी नऊच्या सुमारास. बारीक आहे, पण काय रडते! बाहेर फाटकापर्यंत ऐकू गेलं. गफूरनं ऐकलं आणि टांग्यावर उभा राहून "मुबारक आक्का!" ओरडला. अनंता भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. मी रडले नाही. मला ती रडतेय तेच ऐकायचं होतं.

फाल्गुन वद्य १०

आज लिहायचं आहे ते एका दमात लिहिते.

डॉक्टरीणबाई काल म्हणाल्या, "आक्का, तुम्ही वही ठेवता असं सौदामिनी म्हणाली. आधीच्या दोन जचकीच्या पण आहेत? मला बघायच्या आहेत. पुढच्या बाईच्या कामी येतील." मी म्हणाले, आणते. वैद्याच्या मुलीनं वही नाही कशी म्हणावी?

आज सकाळी ट्रंक उघडली. गाठ सोडली. देण्याआधी आपण एकदा वाचाव्यात म्हणून चुलीसमोर बसले.

पहिल्या वहीत, सहाव्या महिन्यातलं, माझंच अक्षर: "पोटऱ्या वळतात. शेंगदाण्याची चटणी मागते. दिली नाही. भात आणखी मऊ केला." पुढच्या पानावर: "पापणी फडफडते. ज्वारी बंद केली." त्यानंतर सातवा महिना, आणि तिथं वही संपते.

दुसऱ्या वहीत पहिल्याच पानावर: "या खेपेला पहिल्यापेक्षा कडक पथ्य." आणि मग तेच, पोटऱ्या, बोटं, पापणी. दर वेळी तिनं काहीतरी मागितलेलं आणि दर वेळी मी "दिलं नाही" असं लिहिलेलं. एके ठिकाणी तर लिहिलंय, "आज तीळ चोरून खाताना सापडली, हातातले झटकून टाकले." मी मोजलं नाही. वाचत गेले. चूल विझली तरी वाचत होते.

डॉक्टरीणबाईंना खात्री नाही. दुसरंही कारण असेल, असं त्या मला म्हणतील, आणि खरंच असेलही. पण ती दोन बाळं माझ्या हातून उपाशी गेली असं मला आज वाटतं, आणि कुणी कितीही समजावलं तरी ते जाणार नाही. प्रेमानं केलं म्हणून काय झालं? बाबा, तुमची वही खरंच विसरत नाही हो.

सौदामिनीपाशी गेले. ती पोरीला पाजत होती. दोन्ही वह्या तिच्यापुढं ठेवल्या आणि ते तिळाचं पान मीच मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं पदर सावरला. मग म्हणाली, "तेव्हा तुम्ही पण माझ्याबरोबर रडला होतात, आक्का. ते लिहिलंच नाहीत."

मला तिथं बसवेना. चपला घातल्या आणि निघाले.

धोंडाबाईचं घर वेशीपलीकडं आहे. तिथं मी आयुष्यात गेले नव्हते. ती अंगणात बाजरी पाखडत होती. मला बघून सूप खाली ठेवलं आणि उठून उभी राहिली. मी भोगीच्या दिवशी जे जे बोलले होते ते सगळं चुकलं, असं म्हणायचं ठरवून आले होते. तोंडातून निघालं, "धोंडाबाई, पोर वाचली."

"ऐकलं म्या. गफूर सांगून गेला. पोरगी का?"

"पोरगी."

"लई ब्येस झालं." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "तुमी जेवला न्हाईसा आज."

मी मान हलवली. म्हणाले, "माझं चुकलं गं. तू म्हणाली होतीस, पोरीची भाकर तोडू नका. मी तोडली."

तिनं हात पदराला पुसले. आत गेली. तव्यावर भाकर पडल्याचा आवाज आला. मी अंगणात उभी होते, मग तिच्या ओट्यावर बसले. दोन भाकरी त्याच फडक्यात बांधून तिनं आणल्या. माझ्या हातात द्यायला कचरली, खाली ठेवायला वाकली. मी हात पुढं केला.

"बाळंतिनीला द्या," म्हणाली. "म्या सकाळी येते भांड्याला."

गंजगोलाईतून परत आले. ओळखीच्या चार बायका भेटल्या, फडक्याकडं पाहिलं. मी ते पदराखाली घेतलं नाही.

सौदामिनीला ताट वाढलं. पातळ भाकर पाहून तिनं ओळखलं, पण विचारलं नाही. मीच सांगितलं, कुणाच्या चुलीवरची ते. तिनं भाकर मोडली, एक तुकडा माझ्यापुढं धरला. मी खाल्ला.